गुंगालिनमधली तिसरी मुदत

ऑस्ट्रेलियाहून आल्यापासून मिरजेत जो भेटतो तो आधी कांगारूंची चौकशी करतो. पाहिले. लेकीच्या घरामागच्या माळावर संध्याकाळी दहा-बारा जण चरायला येतात, मान वर करून आपल्याकडे बघतात आणि आपण बिनकामाचे आहोत अशी खात्री पटली की पुन्हा गवतात तोंड घालतात. कांगारूंचं एवढंच. बाकीचा दीड महिना मी तिथे जे ऐकलं ते अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दल ऐकलं, तेही ऑस्ट्रेलियात बसून आणि तेही एका पुण्याच्या माणसाकडून.

हा पुण्याचा माणूस म्हणजे माझे जावई मंदारराव. कॅनबेरात सरकारी खात्यांची कॉम्प्युटरची कामं कंत्राटाने करतात. माझी लेक ऋचा तिथेच एका सरकारी खात्यात आहे. नात आर्या नऊ वर्षांची. मी स्वतः जन्मभर हायस्कुलात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. मराठी शाळेत शिकलेल्यांना ठाऊक असेल, नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागे चिकटवलेलं शेपूट. मुलं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडतात आणि शिक्षकही उरलेल्या तासांत उरकतात. त्यामुळे जावयाला राज्यघटनेचं वेड आहे हे कळल्यावर मला आधी आनंदच झाला. तो फार टिकला नाही.

ब्लॅकटाउन ते कॅनबेरा

मला घ्यायला तिघं गाडी घेऊन सिडनीला आली होती. निघण्याआधी ब्लॅकटाउनला थांबून ज्वारीचं पीठ, कढीपत्ता आणि गोडा मसाला घेतला. दुकानात इतके देशी लोक की मी सहा हजार मैल उगाच आले असं वाटलं. मग कॅनबेराचा रस्ता. बाहेर पिवळं गवत, त्यात ठिपक्यांसारख्या मेंढ्या, निलगिरीची पांढरी खोडं, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. आत मात्र गाडीच्या स्पीकरवर दोन अमेरिकन गृहस्थ आपल्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांवर वाद घालत होते. रस्त्याच्या कडेला एक अफाट सपाट मैदान लागलं, तळ्यासारखं पण पाणी नसलेलं.

"मंदारराव, हे काय आहे हो?" मी विचारलं.

"एक मिनिट हं आई, महत्त्वाचं चाललंय," ते म्हणाले. कोर्टाने कुठला तरी आदेश अडवला होता. मैदान मागे गेलं आणि ते काय होतं ते मला आजही माहीत नाही.

वादातला एकजण अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीबद्दल बोलायला लागला तशी मागच्या सीटवरची आर्या खुदकन हसली.

"आज्जी, डॅड सेड दॅट टु अ कॉप," ती म्हणाली.

ऋचाने मग खुलासा केला. तिकडे पोलीस रस्त्यात कोणालाही थांबवून दारू प्यायली आहे का हे फुंकर मारून तपासतात. एका संध्याकाळी मंदाररावांना थांबवलं. ते दारूच्या थेंबालाही शिवले नव्हते. गुपचूप फुंकर मारायची की नाही? पण त्यांनी त्या पोलिसाला सांगितलं, सबळ संशय असल्याशिवाय तुम्हाला माझी झडती घेता येत नाही, चौथी दुरुस्ती वाचा. पोलिसाने नळी पुढे धरली आणि म्हणाला, "राँग कंट्री, मेट. ब्लो."

मंदारराव हसले नाहीत. "प्रिन्सिपलचा प्रश्न होता," ते म्हणाले. परक्या देशात तिसऱ्याच देशाचा कायदा दाखवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे निदान लोक मामा फौजदार आहे एवढंच सांगतात.

गुंगालिन

गुंगालिन हे कॅनबेराचं उत्तरेकडचं उपनगर. घरं एकसारखी, रस्ते रिकामे, आणि जुलैतली थंडी अशी की सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडल्याशिवाय कोणी कामाला जाऊ शकत नाही. मी नऊवारी नेसायची सोडून वर्षं झाली, पण पाचवारीच्या आत दोन लोकरी पायजमे घालून वर जावयाचं जाकीट चढवल्यावर माझा आकार नऊवारीतल्या आजीसारखाच झाला. दुपारी कोणाकडे तरी चहाला गेले तर लॅमिंग्टन नावाचा केक पुढे आला. चांगला चॉकलेटचा केक आणि वरून सुकं खोबरं भुरभुरलेलं. खोबरं कशावर घालायचं याची त्या देशाला काही शिकवण नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मंदाररावांचे मित्र जमत. मागच्या अंगणात पत्र्याखाली शेगडी, तिच्यावर सॉसेज आणि पनीर शेजारी-शेजारी, एक उंच गॅसचा हीटर, आणि भिंतीला टेकवलेल्या टीव्हीवर अमेरिकेतली सुनावणी. पाच-सहा इंजिनियर हातात बियर घेऊन तिकडच्या खासदारांना सल्ले देत बसायचे. मंदारराव सगळ्यांत जाणकार. खजिन्याची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे त्यांच्या संसदेकडे का, न्यायालय राष्ट्राध्यक्षाचा आदेश कसा रद्द करू शकतं, हे त्यांनी मला खरंच छान समजावून सांगितलं. मी शिकवायचे त्यापेक्षा छान, हे मान्य करते.

एका शुक्रवारी विषय होता तिसऱ्या मुदतीचा. अमेरिकेत दोनदा निवडून आलेल्या माणसाला पुन्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येता येत नाही. एक मित्र म्हणाला, "पण यार, लिहिलंय 'निवडून'. समजा तो व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि वरच्याने राजीनामा दिला, तर? टेक्निकली चालेल."

मंदारराव चिमटा टाकून उठलेच. "अरे टेक्निकली काय? स्पिरिट बघायचं असतं कायद्याचं. मागच्या दाराने आत येणं म्हणजे फसवणूक आहे लोकांची. अशा माणसाला लाज वाटली पाहिजे."

"वही तो," दुसरा म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मग ते माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "आई, आपल्या मराठी मंडळाच्या घटनेतसुद्धा मी हे कलम घातलंय. अध्यक्षाला दोनच टर्म. मीच ड्राफ्ट केलं." मंडळाचे अध्यक्ष तेव्हा तेच होते, आणि त्यांची दुसरी मुदत त्या महिन्यात संपत होती.

मी विचारलं, "आणि इथल्या, ऑस्ट्रेलियाच्या घटनेत नागरिकांचे कुठले हक्क लिहिलेत?"

एकाने सॉसेज उलटलं, दुसऱ्याने बियर उघडली. सगळे नागरिक झालेले, सगळे मतदान करतात कारण तिकडे ते सक्तीचं आहे. मतदान केंद्राबाहेर सॉसेज कुठल्या शाळेत चांगलं मिळतं ते त्यांना पाठ होतं. "इथे काय आई," मंदारराव म्हणाले, "इथे सगळं ठीक असतं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जावयाला असं तोंडावर म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून पनीर घेतलं.

शनिवारची शाळा

दुसऱ्या दिवशी आर्याला सोडायला मंडळाच्या मराठी शाळेत गेले. एका सार्वजनिक हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी ती भरते. चालवते शर्वरी. मूळची लातूरची, शिकायला आली आणि तिथेच राहिली, आता एका पाळणाघरात नोकरी करते. ऋचाची जिवाभावाची मैत्रीण. आर्या झाली तेव्हा व्हिसाच्या घोळात मला जाता आलं नव्हतं, तेव्हा शर्वरीने महिनाभर ऋचाला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर करून घातली होती. म्हणजे माझ्या जागी ती होती.

नऊ मुलं होती. एकजण 'ळ' म्हणताना जीभ कुठे लावायची हे बोट घालून शोधत होता. आर्या घरी माझ्याशी एक वाक्य मराठीत बोलत नाही, इथे तिने 'माझी आजी मिरजेहून आली' असं फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. मला रडू आलं. परदेशात रडू लवकर येतं असं नाही, ते वाक्य चांगलं होतं.

वर्ग सुटल्यावर शर्वरी खुर्च्या रचत म्हणाली, "काकू, बघून घ्या. पुढच्या टर्मपासून हे बंद."

झालं असं होतं, की हॉलवरून दोन वर्षं चाललेल्या कुरबुरीनंतर मंदाररावांनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता: शनिवार सकाळचा हॉल यापुढे गणपतीच्या कार्यक्रमातल्या बॉलिवुड डान्सच्या प्रॅक्टिसला, शाळा ऑनलाइन घ्यावी. शर्वरीने विचारलं, हे कोणी ठरवलं? उत्तर आलं, एक्झिक्युटिव डिसिजन.

"ऑनलाइन 'ळ' कसा शिकवू?" ती म्हणाली. "मुलं व्हिडिओ बंद करून गेम खेळतात. शाळा मरेल काकू. म्हणून मी यंदा अध्यक्षपदाला उभी राहतेय. मंदारदादांच्या दोन टर्म झाल्यात, त्यांना उभं राहता येणार नाही. त्यांनीच लिहिलंय."

लोकांच्या छत्रीखाली

सोमवारी ऋचाने सुट्टी घेतली आणि मला शहर दाखवायला नेलं. गुंगालिनहून ट्राम शहरात जाते. चढताना कार्ड यंत्रावर टेकवायचं असतं, ते मी टेकवलंच नाही, आणि नेमका तपासनीस आला. मी मिरजेच्या बसमध्ये ऐकलेली सगळी बोलणी आठवून तयारीत होते. तो म्हणाला, "नो वरीज, नेक्स्ट टाइम," आणि मला यंत्र दाखवून पुढे गेला. अधिकार हातात असून तो न वापरणारा माणूस बघायला मी अमेरिकेची सुनावणी ऐकत बसले होते, तो ट्राममध्येच होता.

तिथली संसद टेकडीच्या पोटात बांधली आहे आणि तिच्या छपरावर हिरवळ आहे. पांढऱ्या केसांच्या गाइडबाईंनी सांगितलं, लोकांनी आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावर चालावं, ही त्यामागची कल्पना. पूर्वी मुलं त्या उतारावरून गडगडत खाली यायची. आता सुरक्षेसाठी कुंपण घातलं आहे. छपरावर जाता येतं, पण तपासणी करून घेऊन लिफ्टने. कल्पना तशीच आहे, फक्त लोकांना खालून वर सोडत नाहीत. मला हसू आलं, बाईंनाही आलं असावं.

आत काचेआड, मंद उजेडात, मॅग्ना कार्टाची एक तेराव्या शतकातली प्रत आहे. पोस्टकार्डं चारपाच जोडावीत एवढा चामड्याचा तुकडा आणि त्यावर मुंगीएवढी लॅटिन अक्षरं. राजालाही कायद्याखाली राहावं लागेल असं माणसांनी राजाकडून लिहून घेतलं, ते हे. मी शाळेत दर वर्षी त्याच्यावर टीप लिहायला द्यायचे, चार मार्कांना. प्रत्यक्ष बघताना मात्र थांबावंसं वाटलं. राजाने ते आपण होऊन लिहिलेलं नाही, सरदारांनी त्याला कोंडीत पकडलं तेव्हा लिहिलं.

ऋचा शेजारी उभी होती. ती काचेकडे बघतच म्हणाली, "आई, मंदार म्हणतो यंदा मी उभं राहावं."

"कशाला?"

"अध्यक्षपदाला. म्हणजे त्याने सुरू केलेली कामं अर्धवट राहायला नकोत. तो असेलच मदतीला."

आमच्याकडे तालुक्यात अशा माणसाला सरपंचपती म्हणतात. बाई निवडून येते, सही बाई करते, आणि खुर्चीवर नवरा बसून तंबाखू मळतो. त्यावर आम्ही शहरातली माणसं नाक मुरडतो, खेडवळ म्हणतो. आणि इथे दोन-दोन मास्टर्स डिग्र्या, घरात अमेरिकेच्या घटनेचा छापील ग्रंथ, आणि मागच्या दाराला आपल्याच बायकोचं नाव. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

"आणि शर्वरी?" मी विचारलं.

"तिच्याशी मी बोलेन."

"उभं राहायचंच असेल तर स्वतःच्या बुद्धीने राहा," मी म्हणाले. "कोणाचं ऐकून सह्या करू नकोस." एवढंच बोलले. जावयाबद्दल लेकीकडे याहून जास्त बोललं की पुढचं तिकीट कोण काढणार?

शब्द

मंडळाच्या निवडणुकीच्या सभेच्या आदल्या दिवशी दुपारी शर्वरी घरी आली. मंदारराव आर्याला पोहायला घेऊन गेले होते. मी साबुदाण्याचे वडे तळत होते, त्यामुळे दोघींचं सगळं बोलणं माझ्यासमोर झालं.

"तू उभी राहतेयस हे मला ग्रुपवरून कळलं," शर्वरी म्हणाली.

"सॉरी गं. मी सांगणारच होते."

"मला अध्यक्ष नाही व्हायचं ऋचा. कोण मागतंय ती कटकट? मला फक्त शनिवारचा हॉल पाहिजे."

ऋचाने तिचे दोन्ही हात धरले. "मग मी आहे ना. शाळेच्या हॉलला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

शर्वरीने थोडा विचार केला. मग फोन काढून तिथेच आपलं नाव मागे घेतल्याचा मेसेज पाठवला. नंतर दोघींनी वडे खाल्ले, आर्याच्या बाळपणाच्या गोष्टी काढून हसल्या. शर्वरी जाताना माझ्या पाया पडली. मला बरं वाटलं. अंगणातल्या सगळ्या चर्चांपेक्षा या ओट्यापाशी जास्त शहाणपणाचं काही झालं, असं वाटलं.

रविवारची सभा

सभा त्याच हॉलमध्ये झाली. पोहे, चहा, आणि वर कोथिंबीर इतकी की कोणीतरी ती घरी पिकवते हे सगळ्यांना कळावं. चाळीसेक माणसं. मंदाररावांनी मावळत्या अध्यक्षाचं भाषण केलं. शांततेने सत्ता सोपवणं हाच लोकशाहीचा आत्मा, असं ते म्हणाले, आणि सत्ता आपल्या बायकोला सोपवली. एकच अर्ज, बिनविरोध निवड, टाळ्या. शुक्रवारचे सगळे मित्र हजर होते. स्पिरिट बघणारे. एकानेही तोंड उघडलं नाही, फार तर पोहे खायला उघडलं असेल.

ऋचा समोरच्या टेबलाशी जाऊन बसली. मंदारराव पहिल्या रांगेत, तिच्याकडे तोंड करून, परीक्षेला मुलगी बसवलेल्या बापासारखे. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. मला त्या मानेचा राग येत होता.

शेवटी शर्वरी उठली. "शनिवारचा हॉल शाळेला राहील, एवढं मिनिट्समध्ये घ्या," ती सहजपणे म्हणाली, जणू औपचारिकता होती.

ऋचाने समोरच्या कागदावरून मान वर केली. "शर्वरी, मी काल रात्री आकडे पाहिले. शाळेला नऊ मुलं आहेत. डान्सला पस्तीस. मला सगळ्यांचा विचार करायला हवा ना? आपण हवं तर हात वर करून विचारू."

मग ऋचाने खरोखरच विचारलं, आणि हात वर झाले. पस्तीस मुलांच्या आयांचे, बापांचे, आणि ज्यांना मुलंच नाहीत त्यांचेही. शाळेच्या बाजूने सात-आठ. मला मताचा अधिकार नव्हता. मी जन्मभर वर्गात सांगत आले की घटना असते ती याच क्षणासाठी, नऊ जणांना पस्तीस जणांपासून वाचवायला. सगळे हात वर करतात तेव्हाच तिची गरज असते. मंडळाच्या घटनेत त्याचं एकही कलम नव्हतं. मंदाररावांनी फक्त मुदती मोजल्या होत्या.

मंदाररावांनाही ते खटकलं असावं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. ते अर्धवट उठून म्हणाले, "ऋचा, निदान ही एक टर्म तरी राहू दे शाळा. तिला आपण शब्द दिलाय."

"मंदार," ऋचा म्हणाली, "यू आर नॉट ऑन द कमिटी. प्लीज बस."

ते बसले. क्षणभर मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. माझी लेक कोणाची बाहुली नव्हती. सरपंचपती म्हणून मी मनात ज्यांची एवढी टिंगल केली होती, त्यांना तिने एका वाक्यात खुर्चीत बसवलं होतं. आणि मग शर्वरीचा चेहरा दिसला आणि तो आनंद तिथेच संपला.

सभा संपल्यावर ती बाहेर पार्किंगमध्ये आपल्या गाडीत अक्षरांची पुठ्ठ्याची चित्रं ठेवत होती. मी गेले.

"मंदारदादांशी मी दोन वर्षं भांडले काकू," ती म्हणाली. "आणखी दोन वर्षं भांडले असते. पण हिच्याशी भांडायचं मी काल माझ्या हाताने सोडून दिलं." तिने डिकी बंद केली. "तुम्ही थंडीत उभ्या राहू नका. जा आत."

परत जाताना गाडी ऋचाने चालवली. मंदारराव मागे आर्याशेजारी बसले होते, स्पीकरवर पहिल्यांदाच काही चालू नव्हतं. रस्त्याकडेच्या गवतात कांगारू आले होते, कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"कशी झाली मीटिंग, आई?" ऋचाने विचारलं. तिला शाबासकी हवी होती.

"तू तिला शब्द दिला होतास."

"दिला होता. पण तेव्हा मी अध्यक्ष नव्हते."

"मंदाररावांना निदान दोन मुदतींनी थांबवलं," मी म्हणाले. "तुला कोण थांबवणार?"

ती हसली, आरशात बघून इंडिकेटर लावला आणि वळण घेता घेता म्हणाली, "आई, माझी तर आत्ता पहिलीच टर्म सुरू झालीये."